हार्बर लाइन, जुने डबे आणि तुंबलेलं पाणी

हार्बर लाइनवर ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना पावसाळ्याची चाहूल मृगाच्या किड्यांनी वगैरे लागत नाही. चुनाभट्टी आणि कुर्ल्याच्या मध्ये गाडी उगाच दहा मिनिटं उभी राहिली, की समजायचं, आला पाऊस. आमचे पुण्याचे नातेवाईक दरवर्षी फोनवर विचारतात, "अरे, शंभर वर्षं झाली तुमच्या लोकलला, अजून पाणी कसं तुंबतं?" फोनवर उत्तरं देऊन दमलो, म्हणून यंदा सगळं लिहूनच काढतोय. थोडा इतिहास आहे, पण कंटाळा येणार नाही असं बघतो.

मुळात ही लाइन माणसांपेक्षा बंदरासाठी होती. नावातच आहे की ते! कुर्ला ते रे रोड हा तुकडा डिसेंबर १९१० मध्ये सुरू झाला. शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड... गोदी, कापूस, धान्याची गोदामं असा हा पूर्व किनारा, त्यातला बराचसा भराव घालून केलेला. कुर्ल्याकडून चेंबूरकडे जाणारा फाटा तर १९०६ च्या सुमाराला शहराचा कचरा वाहून न्यायला टाकलेला. आज ज्या मार्गाने लाखो माणसं कामाला जातात, त्याचे पहिले प्रवासी म्हणजे कापसाचे गठ्ठे आणि कचरा!

पण मान मोठा मिळाला. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी धावली ती याच मार्गावर, बोरीबंदर ते कुर्ला. चार डब्यांची, १५०० व्होल्ट डी. सी. वर चालणारी. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी तिला निशाण दाखवलं. पश्चिम रेल्वेवर वीज आली ती त्यानंतर तीन वर्षांनी. आमच्या लाइनीला सावत्र म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता पाण्याकडे येतो. शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये एके काळी खाडी होती. इकडे मुंबई बेट, तिकडे साष्टी. विहार आणि पवई तलावांकडून येणारी मिठी नदी कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीकडे जाते. मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाण्याला समुद्रात जायला वाट नसते. मग ते आपल्या जुन्या जागेवर परत येतं. त्या जागेवर आता रूळ आहेत, एवढंच.

पाणी रुळांवर आलं की गाडी का थांबते? लोकांना वाटतं मोटरमन घाबरतो. तसं नाही. रुळांतून एक हलका विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की तिच्या चाकांमुळे तो एका रुळातून दुसऱ्यात वळतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. दोन रुळांच्या मध्ये पाणी भरलं की प्रवाह पाण्यातूनच वळतो, आणि गाडी नसतानाही सिग्नल लाल. म्हणजे यंत्रणा बिघडली तरी सुरक्षित बाजूलाच बिघडते. शिवाय सांधे बदलणारी यंत्रं जमिनीलगतच असतात, ती बुडाली की संपलंच.

जुन्या डी. सी. गाड्यांचं आणखी एक दुखणं होतं. त्यांच्या मोटारी डब्याखाली, चाकांच्या आसाजवळ. थंड राहायला हवा तिथूनच ओढायच्या, आणि हवेबरोबर पाणीही. आत कार्बनचे ब्रश घासत असतात, तिथे पाणी गेलं की ठिणगी आणि मोटार जळायची. वर डब्यात काय चाललेलं असायचं ते तुम्हाला ठाऊकच आहे. पत्र्याची खिडकी अर्ध्यात अडकलेली, छतातून धार, आणि पंखा कंगव्याने ढकलल्याशिवाय फिरायचा नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा या सगळ्याचा हिशोब एकदम झाला. गाड्या जिथल्या तिथे उभ्या. माझा मामेभाऊ मशीद बंदरहून रुळांतून चालत चेंबूरला पोचला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. मामी आजही त्या रात्रीबद्दल बोलत नाही.

नंतर गाड्या बदलल्या, पण हार्बरवर सगळ्यात शेवटी. पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये पूर्णपणे २५,००० व्होल्ट ए. सी. आली, मध्य रेल्वेच्या मेन लाइनवर २०१५ मध्ये. हार्बरवर शेवटची डी. सी. लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सुटली. जिथे डी. सी. सुरू झाली होती, तिथेच संपली. त्याच वर्षी आमच्याकडे नऊऐवजी बारा डब्यांच्या गाड्या आल्या. मेन लाइनला त्या कितीतरी वर्षं आधीपासून होत्या. नव्या गाड्यांच्या मोटारींना ब्रश नसतात, त्यामुळे तो एक त्रास गेला.

तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये आणि जुलै २०१९ मध्ये गाड्या थांबल्याच. माझा मुद्दा हाच आहे. डब्याचं आयुष्य साधारण पंचवीस वर्षं धरतात, मग तो मोडीत काढून नवा आणता येतो. जमीन मोडीत काढता येत नाही. उलट १९९२ मध्ये खाडी ओलांडून गाडी वाशीला गेली, नंतर पनवेलला, आणि सगळ्या नव्या मुंबईचा भार कुर्ला-वडाळ्याच्या त्याच सखल पट्ट्यावर येऊन पडला. नवी गाडी आली की फोटो निघतात. नाला रुंद झाला, पाण्याला वाट मिळाली, तर कोणी फीत कापायला येत नाही. आणि गाडी बंद पडली की ऑफिसवाल्याची एक रजा जाते, पण गोवंडी-मानखुर्दहून रोजंदारीवर जाणाऱ्याची त्या दिवशीची चूल जाते.

असो. पुणेकरांनो, एवढं वाचून पुढच्या जुलैत तोच प्रश्न विचारलात तर फोन उचलणार नाही! आणि घरातल्या जुन्या मंडळींना कुर्ला-मानखुर्दच्या पहिल्या दिवसांतलं काही आठवत असेल, तर ते आत्ताच लिहून ठेवा. नंतर सांगायला कोणी उरत नाही.