एलायझाने विचारलेले प्रश्न

संगणकाशी बोलता बोलता तो आपल्याला समजून घेतो आहे असे वाटू लागते. हा अनुभव नवा नाही. त्याचा इतिहास किमान १९६६ पर्यंत मागे जातो.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम हे संगणकतज्ज्ञ होते. त्यांचा जन्म १९२३ साली बर्लिनमध्ये झाला. नाझी राजवटीत, १९३६ साली, त्यांच्या ज्यू कुटुंबाने देश सोडला. १९६४ ते १९६६ या काळात वायझेनबाउम यांनी संभाषण करणारी एक आज्ञावली लिहिली. तिला नाव दिले 'एलायझा'. शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकाची ही नायिका. पु. लं.नी त्यावरून 'ती फुलराणी' लिहिले, तेव्हा ती आपल्या ओळखीचीच.

एलायझाची सर्वांत गाजलेली भूमिका मानसोपचारतज्ज्ञाची. तिची रीत साधी होती. वाक्यात 'आई' शब्द सापडला, की 'तुमच्या घरातल्या माणसांविषयी आणखी सांगा' अशा धर्तीचे उत्तर यायचे. 'माझे' असेल तिथे 'तुमचे' घालून वाक्य परत करायचे. ओळखीचा शब्द सापडलाच नाही, तर 'पुढे सांगा'. डॉक्टरची भूमिका सोयीची होती, कारण असा डॉक्टर रुग्णाचेच बोलणे प्रश्नरूपाने परत करतो. त्याला जगाची माहिती असावी लागत नाही.

वायझेनबाउम यांची सचिव हे काम कित्येक महिने पाहत होती. तरीही एलायझाशी चार वाक्ये बोलल्यावर तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. काही मानसोपचारतज्ज्ञांना तर अशा यंत्राकडून खरोखरचे उपचार करून घेता येतील असे वाटू लागले. वायझेनबाउम अस्वस्थ झाले. १९७६ साली 'कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन' या पुस्तकात त्यांनी आपले म्हणणे मांडले: संगणकाला एखादे काम जमेल का, एवढेच विचारून भागत नाही, ते त्याच्यावर सोपवावे का, हेही विचारले पाहिजे. जॉन मॅकार्थी यांच्यासारख्या संगणकतज्ज्ञांनी या पुस्तकावर कडाडून टीका केली. वाद अजून संपलेला नाही.

आजच्या संभाषण करणाऱ्या प्रणाली एलायझापेक्षा फार वेगळ्या आहेत. त्या अफाट मजकुरावरून शिकतात आणि पुष्कळदा उपयोगी उत्तरे देतात. बोलणाऱ्यात मन आहे असे गृहीत धरण्याची आपली सवय मात्र तीच आहे. म्हणून अशा प्रणाली वापरताना आपण तीन प्रश्न विचारावेत. उत्तर चुकले तर जबाबदार कोण? आपण सांगितलेले कोणाकडे साठते? आणि ही गोष्ट खरे तर कोणा माणसाला सांगायला हवी होती का?

वर्गात हा प्रयोग संगणकाशिवाय करता येईल. कागदावर असे दहा नियम लिहा. एका विद्यार्थ्याला पडद्याआड बसवा. इतरांनी चिठ्ठ्या पाठवायच्या आणि त्याने केवळ नियमांनुसार उत्तरे द्यायची. शेवटी नियमांचा कागद सर्वांना दाखवा आणि विचारा: आपले म्हणणे पलीकडच्याला समजले, असे तुम्हाला कोणत्या उत्तराला वाटले, आणि का?