पुराची रेषा

राणीसावरगावाहून गंगाखेडास जाणाऱ्याला गोदावरी ही ‘गंगा’च, तालुक्याच्या नावातही तीच आहे. गंगेचा पूर ओसरला म्हणजे त्याची आठवणही ओसरते, ही आपली जुनी खोड. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून मुठेचे पाणी पुण्यात शिरले. तरी पुढे नदीकाठी पुन्हा घरे उठलीच.

म्हणून आठवण नकाशावर उतरवावी लागते. केंद्र सरकारने १९७५ साली पूरक्षेत्रासंबंधीचा नमुना कायदा राज्यांकडे धाडला. महाराष्ट्रात अशा नकाशांवर दोन रेषा असतात : सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत बांधकामास मनाई. दोहोंच्या मध्ये बंधने.

‘शंभर वर्षे’ या शब्दाने आपण फसू नये. तो धोका दरवर्षी शंभरात एक असतो; ३० वर्षे तेथे राहणाऱ्यास तो सुमारे चारांत एक होतो.

परंतु निळ्या रेषेच्या आत पुष्कळदा तोच राहतो, ज्याला दुसरीकडे जागा परवडत नाही. त्याला उठवण्याआधी उंचावर जागा द्यावी. नाहीतर आम्ही रेषा नदीसाठी नव्हे, गरिबाविरुद्ध ओढली असे होईल.