गोल्फ स्विंगचा सराव

गोल्फमध्ये क्लब मागे उचलून चेंडूतून पुढे नेण्याच्या सलग हालचालीला स्विंग म्हणतात. पनवेलजवळच्या सुकापूर परिसरातील खेळाडूंना जवळचे सार्वजनिक मैदान म्हणजे सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी उभारलेले.

सर्वांत गुणकारी सराव दिसायला पोरकट वाटतो : दोन्ही पाय जुळवून अर्ध्या ताकदीने चेंडू मारणे. पाया अरुंद असल्याने खांद्याने जोर काढताच तोल जातो आणि लय कुठे बिघडली ते तिथल्या तिथे कळते. दुसऱ्या सरावात टॉवेल छातीवरून आडवा घेऊन दोन्ही काखांत धरतात. तो गळला, की हात धडापासून सुटले असे समजावे. हा सराव अर्ध्या स्विंगपुरताच. पूर्ण स्विंगमध्ये टॉवेल निसटणारच.

उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे वळत जाणे, म्हणजे स्लाइस, ही नवशिक्यांची जुनी व्यथा. क्लब बाहेरून आत येतो आणि त्याचे तोंड त्या मार्गाच्या मानाने उघडे राहते. चेंडूच्या पलीकडे, किंचित मागे रिकामा खोका ठेवल्यास चुकीचा मार्ग लगेच उघड होतो, कारण खोकाच उडतो.

कोकणच्या पावसाळ्यात मैदान भिजते. तेव्हा घरच्या आरशासमोर, पंखा व झुंबर सांभाळून, चेंडूविना संथ स्विंग करावा.