भिंतीवरचा 'ला'

मक्तबात कायदा शिकताना लाम आणि अलिफ जोडून 'ला' कसा लिहायचा हे आपण सगळ्यांनीच गिरवले आहे. ला म्हणजे नाही. आपला कलमाही याच शब्दाने सुरू होतो. २०११ मध्ये हा 'ला' कैरोच्या भिंतींवर उमटला.

बाहिया शेहाब या कलेतिहासाच्या अभ्यासक. स्पेनपासून चीनच्या सीमेपर्यंत मशिदींवर, भांड्यांवर, कापडावर लिहिलेल्या 'ला'ची हजार रूपे त्यांनी २०१० मध्ये गोळा केली होती. ते काम प्रदर्शनासाठी होते. ११ फेब्रुवारी २०११ रोजी होस्नी मुबारक पायउतार झाले, पण हुकूमत लष्कराच्याच हाती राहिली. नोव्हेंबरात तहरीर चौकालगतच्या मोहम्मद महमूद रस्त्यावर चाळीसहून अधिक माणसे मारली गेली, कित्येकांचे डोळे गेले. अहमद हरारा हे दंतवैद्य. त्यांचा एक डोळा जानेवारीत गेला होता, दुसरा आता गेला. मग शेहाब रंगाचा डबा घेऊन रस्त्यावर उतरल्या. लष्करी राजवटीला ला. नव्या फिरऔनला ला. डिसेंबरात सैनिकांनी एका बाईला कपडे निघेपर्यंत फरफटत नेले, तेव्हा 'ला'सोबत तिची निळी चोळीही भिंतीवर आली.

त्याच रस्त्यावर लक्सरहून आलेले अम्मार अबू बक्र आणि अला अवद शहिदांचे चेहरे रंगवत होते. पोर्ट सईदच्या मैदानात १ फेब्रुवारी २०१२ रोजी सत्तरहून अधिक फुटबॉलप्रेमी मेले, त्यांनाही तिथे जागा मिळाली. अल-अझहरचे आलिम शेख इमाद इफ्फत आणि मीना दानियल हा ख्रिस्ती तरुण, दोघेही २०११ च्या अखेरच्या महिन्यांत गोळीला बळी पडले. दोघांचेही चेहरे या भिंतींवर आले. तसबिरीच्या नावाने नाक मुरडणाऱ्या आपल्याकडच्या बुजुर्गांनी हे पाहिले असते तर काय म्हटले असते, असे मनात येते.

गंझीर या चित्रकाराने नाईलकाठी एका पुलाखाली रणगाड्यासमोर सायकलवरचा पाववाला काढला. पावाला मिसरी अरबीत 'ऐश' म्हणतात, म्हणजे जगणेही. नंतर कुणीतरी रणगाड्याखाली चिरडलेली माणसे रंगवली. लष्कराच्या समर्थकांनी माणसे पुसली, रणगाडा ठेवला.

एक गोष्ट आपण लपवू नये. सप्टेंबर २०१२ मध्ये मोहम्मद महमूदची भिंत पुसली गेली तेव्हा गादीवर लष्कर नव्हते. निवडून आलेले, दीनाचे नाव घेणारे मोहम्मद मुर्सी होते. बोभाटा झाल्यावर पंतप्रधानांनी हात झटकले. ओल्या चुन्यावर लगेच एक चेहरा उमटला, जीभ बाहेर काढून वाकुल्या दाखवणारा.

जुलै २०१३ मध्ये लष्कर परत आले. त्याच वर्षी निदर्शनांवर कडक कायदा आला आणि रंगवणारे हात पांगले. २०१५ मध्ये तिथल्या अमेरिकन विद्यापीठाने आपल्या आवारातली जुनी इमारत काढताना त्या भिंतीचा एक भागही पाडला.