पोच

जत संस्थान विलीन झाले ते १९४८ साली. त्याच वर्षी १० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात कामाचा हक्क लिहिला गेला. आपल्या घटनेत तो कलम ४१ मध्ये आला, पण कोर्टात मागता न येणारा. त्याला कायद्याचे बळ मिळाले ते आमच्याच जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांच्या कल्पनेतून. तासगाव तालुक्यात आधी प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, आणि १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता.

भत्त्यासाठी मागणीची तारीख सिद्ध करावी लागते. गाडे अडते ते इथेच. जतच्या पूर्व भागात मी बरीच वर्षे मजुरांचे अर्ज लिहून दिले (पदवी नाही, अक्षर बरे). बाया कानडीत सांगत, मी मराठीत लिहीत असे. अर्ज सगळेच घेतात. पोच देताना शिक्का सापडत नाही. एक म्हातारी मात्र संध्याकाळपर्यंत दारातून हलली नाही. तारखेची पोच घेतली, रेशनकार्डात घडी करून ठेवली.

काम अकराव्या दिवशी निघाले.