मर्दनकला : शास्त्र, शब्द आणि हात



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते या शाळेचे व्यायामशिक्षक होते. मी भाषेचा विद्यार्थी. माझे आयुष्य पोथ्यांच्या आणि शब्दांच्या संगतीत गेले. त्यांच्या स्मृतीस शोभेल आणि माझ्या अधिकारातही बसेल असा विषय मला हवा होता. तालीम आणि ग्रंथालय या दोन्ही ठिकाणी ज्याचा वावर आहे असा विषय म्हणजे मर्दन. आपल्या नित्याच्या बोलीतील मालिश.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'मालिश' हा फारसीतून आलेला. पण त्यापूर्वीही ही क्रिया आपल्याकडे होतीच. संस्कृतात तिचे प्रकार निरनिराळ्या नावांनी ओळखले जात. अंगास तेल लावणे तो अभ्यंग, चूर्णाने अंग चोळणे ते उद्वर्तन आणि हलक्या हाताने अंग चेपणे ते संवाहन. यांतील उद्वर्तनाचेच रूप पालटून आपले 'उटणे' झाले. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंग आणि उटणे या दोन शब्दांसह एक प्राचीन उपचार आपण घरोघर पाळत असतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

आयुर्वेदाने या उपचारास दिनचर्येत स्थान दिले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात तेलाने मुरलेला घडा, तेल पाजलेले कातडे आणि वंगण दिलेला गाड्याचा आस असे तीन दृष्टान्त येतात. स्नेहाने या वस्तू जशा चिवट होतात, तसे अभ्यंगाने शरीर श्रम सोसण्यास समर्थ होते, असा त्यांचा आशय. दृष्टान्त कुंभाराच्या, चांभाराच्या आणि गाडीवानाच्या जगातले आहेत, हे मला अर्थपूर्ण वाटते. वाग्भटाने मस्तक, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष देण्यास सांगितले, आणि कफविकारात, अजीर्णात व वमन-विरेचनादी शोधनानंतर अभ्यंग करू नये, असेही बजावले. कोणास काय वर्ज्य हे सांगितल्यावाचून उपचारास शास्त्राची प्रतिष्ठा येत नाही, हे त्या ग्रंथकारांस पुरते ठाऊक होते.

कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' सिद्ध केला. आपण मराठीचे अभ्यासक त्यात आलेल्या प्राचीन मराठी ओळींसाठी तो उघडतो. परंतु त्याच ग्रंथात राजाच्या वीस उपभोगांमध्ये पादाभ्यंग हा एक स्वतंत्र उपभोग सांगितला आहे. या ग्रंथाचा पहिला खंड १९२५ मध्ये आपल्या वडोदऱ्यातूनच, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांची परंपरा सांगणारे 'मल्लपुराण' याच मालेने १९६४ मध्ये प्रकाशात आणले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ग्रंथांत वैद्य बोलतात, राजे बोलतात. ज्याचे हात हे काम करीत होते तो कोठे आहे? मला तो एकाच ठिकाणी ठळकपणे भेटला: शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त. देवलांच्या संगीत नाटकामुळे हे कथानक मराठी रसिकांच्या परिचयाचे आहे. मूळ संस्कृत नाटकातील संवाहक हा पाटलिपुत्राचा. कला म्हणून तो संवाहन शिकला आणि पुढे तीच त्याची उपजीविका झाली. चारुदत्ताचा आश्रय सुटल्यावर तो द्यूताच्या नादी लागतो. वसंतसेना त्याला ऋणमुक्त करते, तो भिक्षू होतो आणि शेवटी मृतप्राय पडलेल्या वसंतसेनेचे प्राण वाचवतो. एवढ्या मोलाचे हे पात्र. पण नाटककार त्याला त्याच्या धंद्याच्या नावानेच हाक मारतो!

या अनामिकतेला वडोदऱ्यात एक सन्माननीय अपवाद घडला. उस्ताद जुम्मादादांच्या आखाड्याची धुरा त्यांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव यांनी वाहिली. गुरू मुसलमान, शिष्य मराठी हिंदू. विद्या मात्र एकच. माणिकराव व्यायामाचे आचार्य, तसेच हाडे बसविण्यातही निष्णात होते. कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद तरुणपणी त्यांच्याच हाताखाली घडले. पुढे १९३६ पासून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली येथूनच मराठी 'व्यायामज्ञानकोशा'चे खंड निघाले. आखाड्यातील विद्या छापील मराठीत आली, ती महाराष्ट्राबाहेरच्या या नगरीत.

युरोपातही ही विद्या परक्या हातांनी पोचली. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमदाने इंग्लंडात ब्रायटन येथे बाष्पस्नान व मर्दन यांचे उपचारगृह चालविले आणि राजाश्रय मिळविला. इंग्रजी 'शॅम्पू' शब्दाचे मूळ हिंदी 'चाँपना' यात आहे. आपले 'चेपणे' त्याच्या फार जवळचे. पुढे योहान मेत्स्गर या डच वैद्याच्या पद्धतीमुळे मर्दनक्रियांचे वर्गीकरण रूढ झाले. त्या क्रिया म्हणजे आपले हात फिरवणे, मळणे, चोळणे आणि थापटणेच. १८९४ मध्ये लंडनमध्ये चार परिचारिकांनी मर्दन करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संस्था स्थापली. तिच्यातूनच तेथील भौतिकोपचाराचा व्यवसाय विकसित झाला. तेथे हाताच्या कौशल्याला प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रतिष्ठा मिळाली.

आजचे वैद्यक याविषयी मोजके, पण निश्चित बोलते. मर्दनाने स्नायूंचा ताण सैलावतो, मन शांत होते, कंबरदुखीस काही काळ उतार पडतो. १९८६ मध्ये टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या ४० अर्भकांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. ज्यांच्या अंगावरून नियमाने हात फिरवून अवयवांची हालचाल करविली, त्यांचे वजन इतरांच्या तुलनेत ४७ टक्के अधिक वेगाने वाढले. मात्र मालिशने शरीरातील विष बाहेर पडते, या समजुतीस आधार नाही. ताप, अस्थिभंग, त्वचेचा संसर्ग किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असता अंग रगडणे घातक ठरू शकते. वाग्भटाचा वर्ज्यविचार आज नव्या कारणांनी करावा लागतो, एवढेच.

आपल्या घरांत बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणारी बाई येत असे. बाळाच्या अंगाला किती भार सोसेल हे तिचा हात जाणत होता. तालमीतला वस्तादही तसाच. त्यांचे सारेच करणे बरोबर होते, असे मी म्हणणार नाही. बाळाच्या नाकाकानांत तेल घालण्यास आजचे डॉक्टर मना करतात, आणि मोडलेले हाड आधी क्ष-किरणांनी पाहावे हेच शहाणपण. परंतु पारखण्यासाठीही विद्या आधी नोंदलेली हवी. आपण या मंडळींच्या पदरी मजुरी आणि जुने लुगडे घातले. त्यांना कोणी काय शिकविले, हे विचारले नाही. शास्त्र ग्रंथात टिकते. हाताची विद्या मात्र हाताबरोबर जाते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या वाड्यातल्या, पेठेतल्या अशा वृद्ध हातांना नावानिशी विचारा, त्यांची रीत लिहून ठेवा, जाणत्या भौतिकोपचारतज्ज्ञाकडून ती तपासून घ्या आणि ती वही या शाळेच्या ग्रंथालयात जमा करा. ज्या गुरुजींनी आपल्या मुलांना शरीराचा आदर करण्यास शिकविले, त्यांचे याहून उचित स्मारक मला सुचत नाही.