शिंदळ माकुडीचा मान

नष्ट होऊं पाहणाऱ्या वनस्पतींपैकीं राष्ट्रानें आधीं कोणती राखावी, हा प्रश्न वरवर शास्त्रज्ञांचा दिसतो. परंतु त्याचा इतिहास चाळला म्हणजे त्यांत बाजार, कायदा आणि नामकरण यांचाहि मोठा हात आढळतो. जुन्नरकडील कड्यांवर वाढणाऱ्या शिंदळ माकुडीचेंच उदाहरण घेऊं.

ही बुटकी, मांसल वनस्पति खडकाच्या भेगेंतील मूठभर मातीवर जगते. पावसाळ्यांत तिला पानें येतात; उन्हाळ्यांत तीं गळून नुसत्या जाड फांद्या उरतात. मुंबई इलाख्याच्या जंगल खात्याचे अधिकारी डॅलझेल यांनीं इ. स. १८६५ च्या सुमारास तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें, व तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या सन्मानार्थ तिच्यासाठीं ‘फ्रेरिया’ ही स्वतंत्र प्रजाति कल्पिली. (गांवकऱ्यांनीं ठेविलेलें नांव शास्त्राच्या दप्तरीं चढलें नाहीं, हें सांगावयास नकोच.) प्रजाति म्हणजे जातींचें घराणें, या घराण्यांत ही एकटीच. ती गेली तर सबंध घराणें बुडालें, म्हणून तिचा मान मोठा. पुढें १९५८ सालीं रौली यांनीं तिला ‘कॅरालुमा’ या बहुजातीय प्रजातींत घातलें, आणि नंतर ती ‘बुसेरोशिया’ मध्यें गेली. कड्यावरील झुडुपांत यामुळें एकहि अधिकउणें झालें नाहीं. पण एकुलतेपणाचा तिचा हक्क मात्र कागदावर गेला!

भारतीय वनस्पति सर्वेक्षण ही संस्था १८९० ची. परंतु संकटग्रस्त वनस्पतींचें तिचें तीन खंडांचें ‘रेड डेटा बुक’ १९८७ ते १९९० या काळांत निघालें. त्यांत सहाशेंच्या आसपास वनस्पतींची नोंद आहे. त्या वेळच्या वर्गवारींत तज्ज्ञाच्या अंदाजाला बराच वाव होता. दहा वर्षांत वा तीन पिढ्यांत संख्या किती घटली, वसतिस्थान किती उरलें, असे आंकडी निकष आंतरराष्ट्रीय संघटनेनें १९९४ सालीं घालून दिले. आमच्या मतें हाच खरा पालट होय. कारण दुर्मिळ असणें वेगळें आणि घटत जाणें वेगळें. कांहीं वनस्पति मुळांतच थोड्या असतात व तशाच सुखानें नांदतात.

कायद्याची वाट निराळीच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यांत वनस्पतींचें प्रकरण १९९१ सालीं आलें, तेंहि सहा नोंदींचें: कुठ, घटपर्णी, बेडोमचा सायकस, निळा व्हँडा, तांबडा व्हँडा आणि लेडीज स्लिपर ऑर्किडें. बहुतेकांना औषधांच्या वा बागांच्या बाजारांत गिऱ्हाईक होतें. जेथें भय व्यापाराचें, तेथें अशी बंदी योग्यच, आणि २०२२ च्या दुरुस्तीनें ही यादी वाढलीहि. पण शिंदळ माकुडी फांदी लावून सहज रुजते. परदेशच्या हौशी लोकांच्या कुंड्यांतून ती वाढतेहि. तिला भय वणव्याचें, गुरांचें आणि कडा फोडणाऱ्या सुरुंगाचें. अशा वनस्पतीला जैवविविधता कायद्याचें (२००२) ३८ वें कलम अधिक उपयोगी, असें आम्हांस वाटतें. कारण त्या अन्वयें केंद्र सरकार राज्याच्या विचारानें नष्टप्राय जाती जाहीर करतें, आणि ही तर महाराष्ट्राबाहेर कोठें आढळत नाहीं. मात्र त्यासाठीं कडे मोजले पाहिजेत, आणि तेहि फुलाच्या हंगामांत. चैत्र-वैशाखांत जाणाऱ्याला त्या निष्पर्ण फांद्या खडकांतून निवडतांहि यावयाच्या नाहींत.